सहा दिवे आणि एक हार

आक्का, तुझं मशीन चालू आहे. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर पहिल्यांदा त्याचीच चौकशी केली असतीस. मी जेवलो का, हे त्याच्यानंतर. आज सकाळी साडेनऊला सुरू केलं. सहाही दिवे विझलेले आहेत, म्हणजे सहाही डायोड शाबूत आहेत. पंख्याचा आवाज थोडा वाढलाय. बेअरिंग बदलायला झालंय. बदलतो.

तुला जाऊन आज वीस दिवस झाले. आपल्या कारखानदार मंडळाच्या स्मरणिकेत तुझ्यावर एक पान हवं आहे, असं सेक्रेटरींनी कळवलं. जन्म, शिक्षण, व्यवसाय, स्वभाव या क्रमानं लिहा म्हणाले, फोटो पासपोर्टचा चालेल. तसं मी लिहिणार नाही. तुझी जन्मतारीख ज्याला हवी त्यानं शाळेच्या दाखल्यावर बघावी. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती मी सतरा वर्षं पोटात ठेवली, तुझ्या तेराव्याला सगळ्यांसमोर बोललो, आणि त्या दिवसापासून घरात, नात्यात आणि धंद्यात जो भेटतो तो मला सांगतो की झालं गेलं, आता परत तो विषय काढू नका. म्हणूनच लिहितोय. छापणार नसाल तर कागद परत द्या, मी उचगावातल्या माझ्या शेडच्या दाराला चिकटवीन, असंही सेक्रेटरींना सांगून ठेवलंय.

तू मलकापूरच्या सासरहून दोन ट्रंका घेऊन परत आलीस तेव्हा आईनं तुला कारण विचारलं होतं. "तिथं मला काम न्हाय," एवढंच म्हणालीस. आईला वाटलं तुला त्रास होता, शेजाऱ्यांना वाटलं तुझंच काहीतरी चुकलं, आणि तू दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेतल्या बाबांच्या वायरमनकीच्या खोलीतलं जुनं सामान बाहेर काढून तिथं तांब्याची तार गुंडाळायचं यंत्र बसवलंस. तू ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोठ्यानं मोजायचीस. मधे कुणी बोललं तर तोंडातला आकडा न सोडता हातानं दार दाखवायचीस. एकदा निवडणुकीला उभे राहिलेले गल्लीतले पुढारी हात जोडून आत आले. तू दोनशे सत्तावन्न, दोनशे अठ्ठावन्न म्हणत त्यांना दार दाखवलंस. बाहेर येऊन ते कार्यकर्त्यांना म्हणाले, "आपलीच मतं मोजाय लागल्यात वाटतं." तू आतून तीनशेपर्यंत गेलीस, यंत्र थांबवलंस आणि मग इतक्या मोठ्यानं हसलीस की समोरच्या तालमीतली पोरं बाहेर आली.

मी क्रोम प्लेटिंगची, म्हणजे ॲसिडच्या टाकीत विजेनं लोखंडी दांड्यांवर क्रोम चढवायची, शेड काढली तेव्हा माझ्याकडं जुन्या बाजारातून आणलेला, टाकीला वीज देणारा एक रेक्टिफायर होता. तू तो उघडून बघितलास आणि माझ्याकडं असं बघितलंस जणू मी ताटात शिळं वाढलंय. त्यात एकच डायोड होता. मी म्हणालो, काम होतंय की. तू माझी तिथंच शिकवणी घेतलीस, टाकीच्या काठावर बसून. बोर्डाची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं जाते आणि पन्नास वेळा मागं येते. तशीच ती टाकीत सोडली तर धातू दांड्यावर बसतो आणि बसला की उठून जातो. "एक हात भिंत लिंपतोय, दुसरा हात खरवडतोय," तू म्हणालीस, "भिंत कवा व्हायची रं?" म्हणून वीज एकाच दिशेनं जायला हवी. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. पुढं येणाऱ्या विजेला तो आत घेतो, मागं जाणारीला अडवतो. पण एकच दार असलं तर अर्धी वीज बाहेरच उभी राहते, आणि ती बाहेर असेपर्यंत टाकीत काहीच नसतं. तुला त्याचीच चीड होती. "आल्याली वीज दारातनं परत पाठवतोयस. तिला वळवून आत घ्यायची. चार दारं लाव, अशी, की कुठल्याबी बाजूनं आली तरी बाहेर पडायची वाट एकच."

मग तू माझ्यासाठी मशीन बांधायला घेतलंस. थ्री-फेजचं, सहा डायोडचं. मला ते कळेना, तर तू आपल्या गल्लीत चटणी कांडायला बसणाऱ्या बायकांची आठवण करून दिलीस. एका उखळात तिघींची तीन मुसळं. एकीचं वर असतं तेव्हा दुसरीचं खाली येत असतं, आणि तिसरीचं आत. उखळ कधी रिकामं नसतं. तीन फेज तशा एकीमागून एक येतात, एकीचा जोर ओसरायच्या आत दुसरीचा चढलेला असतो. प्रत्येकीला दोन डायोड, एक जायचा आणि एक यायचा. बाहेर जो प्रवाह पडतो त्याला बारीक लाटा असतात, पण तो शून्याला कधी टेकत नाही. क्रोमला हेच पाहिजे. क्रोमचा थर बसत असताना प्रवाह क्षणभर जरी थांबला तरी पुढचा थर मागच्याला नीट धरत नाही.

मशीन तयार झालं तेव्हा त्याच्या दर्शनी पत्र्यावर तू सहा छोटे लाल दिवे एका ओळीत बसवले होतेस. त्यावरून आपलं भांडण झालं. मला ते दिवाळीच्या रोषणाईसारखे वाटले. मी म्हणालो, काटा आहे की अ‍ॅम्पिअरचा, कमी झाला तर कळेल. तू म्हणालीस, प्रत्येक डायोडच्या मागं एक फ्यूज आहे. डायोड जळला की त्याचा फ्यूज उडतो आणि उरलेल्या पाचांवर मशीन चालतच राहतं. काटा थोडा खाली येतो, तू चाक फिरवून परत वर आणशील आणि समजशील सगळं ठीक आहे. ज्याचा फ्यूज उडाला त्याचा दिवा लागेल, म्हणून दिवे.

"बंद पडल्यालं मशीन शाणं असतंय, संभा. अर्धवट चालणारं मशीन खोटं बोलतंय. त्याच्याकडं बघत ऱ्हावं लागतंय."

आणखी एक भांडण होतं. मशीन टाक्यांच्या खोलीत ठेवू नको, ॲसिडची वाफ पंखा आत ओढतो, भिंतीपलीकडं ठेव, असं तू दर दोन महिन्यांनी सांगायचीस. मी म्हणायचो, तांब्याच्या पट्ट्या केवढ्या लांब कराव्या लागतील. ते भांडण तसंच राहिलं. मशीन अजून तिथंच आहे. त्यात माझंच बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं, आणि तू नाहीस म्हणून मी ते मागं घेणार नाही.

आता ती सतरा वर्षांपूर्वीची खंडेनवमी.

आपल्याकडं त्या दिवशी यंत्राला काम लावत नाहीत. सकाळी पुसायचं, हळद-कुंकू, हार, नारळ, आणि दिवसभर सुट्टी. तू तर त्या दिवशी पक्कडसुद्धा उचलायची नाहीस. एकदा घरातला बल्ब गेला तर अंधारात जेवायला लावलंस. माझ्या शेडमध्ये मशीनच्या वर भिंतीत मी एक खिळा ठोकला होता, हारासाठी. त्या वर्षी हार मोठा आणला. झेंडूचा, दाट, मशीनच्या माथ्यावरून खाली पार पंख्याच्या जाळीपर्यंत येणारा. कामगारांनी नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि घरी गेले.

एका हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखानदाराचे आठ दांडे, सिलिंडरमध्ये मागंपुढं सरकणारे, माझ्याकडं होते. त्यांना मी इथं नुसतं आण्णा म्हणतो. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि लिहायला त्यांची हरकत नाही. आण्णांना दसऱ्याच्या मुहूर्तावर माल रवाना करायचा होता. सकाळी दांडे घासून संध्याकाळी गाडी भरायची होती. दांडे आधीच्या आठवड्यात व्हायला हवे होते. मी टाळाटाळ केली होती, दुसऱ्यांचं काम पुढं घेतलं होतं. म्हणून खंडेनवमीला दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि पूजा केलेलं मशीन चालू केलं. हार काढला नाही. खोटं कशाला सांगू, काढावासा वाटला होता. पण देवाचा हार उतरवायचा आणि त्याच दिवशी कामाला लावायचं, हे दोन गुन्हे होतील असं डोक्यात आलं. एकच करू म्हटलं. पंखा सुरू झाला तसा हार जाळीला चिकटला. मी बघितलं. हार वाऱ्यानं हलतोय असं काहीतरी मनाशी म्हटलं आणि दांडे टाकीत सोडले.

तासाभरानं काटा खाली आला. मी चाक फिरवून वर आणला. तू जसं सांगितलं होतंस अगदी तसं, आक्का, शब्दाला शब्द. दिवे कुठं होते? हाराखाली.

जाळी बंद झाल्यावर आतली हवा थांबली, एक डायोड तापून जळला, त्याचा फ्यूज उडाला, आणि पुढचे तीन तास तुझं मशीन पाच डायोडवर चाललं. उखळातली एक बाई मधूनच उठून गेली. सेकंदाला पन्नास वेळा टाकीतला प्रवाह शून्याला टेकत होता आणि काटा मला बरोबर आकडा दाखवत होता. संध्याकाळी दांडे काढले तेव्हा एक मला दुधाळ वाटला. मी तो फडक्यानं पुसला, अर्ध्या शटरचा उजेड आहे म्हणून तसा दिसतोय असं ठरवलं, आठही तेलाच्या कागदात गुंडाळले आणि पाठवून दिले.

दसऱ्याला सकाळी हार काढला. तिसरा दिवा लागलेला होता.

त्या क्षणी मी आण्णांना फोन करू शकलो असतो. घासू नका, म्हणालो असतो. शेडमध्ये फोन होता, नंबर पाठ होता. मी मेन स्विच बंद केला आणि घरी जाऊन सोनं वाटलं.

आण्णा दुसऱ्या दिवशी आले. घासायला घेतल्यावर क्रोम पापुद्र्यासारखं सुटलं होतं, मुहूर्ताचा माल गेला नव्हता. शेडच्या दारात आजूबाजूचे चार-पाच प्लेटिंगवाले चहा घेत उभे होते. त्यांच्यासमोर आण्णा म्हणाले, "संभाजीराव, बहिणीनं बांधलंय म्हणून आजवर बोललो न्हाय. बाईमाणसानं बांधल्यालं मशीन. आणि काय व्हनार?"

मी जे म्हणालो ते चार शब्द मला रोज आठवतात. "मशीनचं बघून घेतो, आण्णा."

बघ, यात खोटं काहीच नाही. पोलिसात दिलं तरी सिद्ध होणार नाही. तेवढ्यावर तुझा निकाल लागला.

तिसऱ्या दिवशी तू लूनावरून आलीस, पत्रा उघडलास, बॅटरी तोंडात धरलीस. डायोड काढलास, नवा बसवलास, फ्यूज घातलास. मग चिमटा घेऊन डायोड थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमधून काहीतरी वेचायला लागलीस. खाली पसरलेल्या पेपरवर एकेक ठेवत गेलीस. करपलेल्या, तपकिरी झालेल्या पाकळ्या होत्या. बऱ्याच. एक उचलून नाकाशी नेलीस आणि माझ्याकडं बघितलंस.

मी म्हणालो, "वाऱ्यानं आल्या असतील. दसऱ्याचे दिवस."

तू चिमटा खाली ठेवलास. मग म्हणालीस, "व्हय. वारा लई हाय." पेपरची घडी केलीस, पिशवीत घातलीस आणि निघून गेलीस.

आक्का, तुझा आवाज अख्ख्या पेठेला ऐकू जायचा. भाजीवाल्यानं तराजूला अंगठा लावला तर तू चार दुकानं गोळा करायचीस. मला खात्री होती की तुझ्यावर आळ आला तर तू आण्णांच्या कारखान्यात जाऊन टेबल बडवशील आणि निभावून नेशील. मी त्याच भरवशावर गप्प बसलो होतो. तुझं तोंड मोठं आहे, तू बोलशील, मग मला बोलावं लागणार नाही. पण तू बोलायचं ठरवलं असतंस तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. किंवा धरलं होतं आणि स्वतःला कळू दिलं नव्हतं. यातलं खरं काय ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या महिन्यात तीन मशीनं तुझ्याकडं होणार होती, तिघेही फिरले. एकानं निदान निरोप पाठवला. पुढच्या पाडव्याच्या आधी तू पेंटरला बोलावलंस. तुझ्या बोर्डावर 'रेक्टिफायर बनवून मिळतील' असं होतं. 'बनवून' वर पांढरा हात फिरवून त्यावर 'दुरुस्त करून' लिहून घेतलंस. मी त्या दिवशी आलो होतो, आईचा डबा घेऊन. तू स्टुलाजवळ उभी राहून पेंटरला अक्षर सरळ काढ म्हणून ओरडत होतीस. मी डबा ठेवला आणि निघालो.

तू हरलीस असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडीन. सोळा वर्षं तू या जिल्ह्यातल्या पुरुषांनी बांधलेली मशीनं दुरुस्त केलीस. प्रत्येक मशीनमध्ये, कुणी मागितलं नसताना, दिव्यांची ओळ बसवलीस. अलीकडं नवीन मशीनं यायची तीसुद्धा काही जण तुझ्याकडं आणून म्हणायचे, "आक्का, तेवढं दिव्याचं बघा." पण नवं मशीन मात्र तू परत बांधलं नाहीस. जे तुझ्या हातातून गेलं ते माझ्यामुळं गेलं. तुझ्या जिद्दीचं कौतुक करून मला त्यातून सुटायचं नाही.

दवाखान्यातला तो दिवस. तू उशीला टेकून बसली होतीस, खिडकीकडं तोंड. नवरात्र अजून लांब होतं, पण खाली रस्त्यावर कुणीतरी फुलं विकत होतं. तू म्हणालीस, "संभा, झेंडू भाजला की वास कसा येतो रं?"

मला दार उघडून दिलं होतंस. सोळा-सतरा वर्षांनी, आपण होऊन, हळूच. मला फक्त आत यायचं होतं. मी म्हणालो, "चहा आणू का?"

"आण," तू म्हणालीस. "साखर कमी."

सहा दिवसांनी तू गेलीस.

तेराव्याला लोक खूप आले. तुला आवडलं नसतं. एवढ्यांना चहा कोण करणार, म्हणाली असतीस. दोघं-तिघं बोलले. मग आण्णा उठले. आता ते थकलेत, काठी आहे हातात. मनापासून बोलले, हे मी मान्य करतो. म्हणाले, शालनताईंचं एक मशीन फेल गेलं होतं, मीच त्याला साक्षी होतो, पण त्या खचल्या नाहीत, अपयश पचवून उभ्या राहिल्या, आपल्या लेकी-सुनांनी त्यांच्याकडून शिकावं. लोकांनी माना हलवल्या. तुझ्या फोटोसमोर माना हलवल्या, आक्का.

मी उठलो. आवाज तुझ्यासारखा निघाला, सगळे नंतर तेच म्हणाले. "आण्णा, ते मशीन फेल गेलं नव्हतं. खंडेनवमीला हार घातलेलं मशीन मी चालवलं. जाळी हारानं बंद झाली, लाल दिवा हाराखाली झाकला. आक्काचा त्यात काही दोष नव्हता. तिला माहीत होतं, आणि ती माझ्यासाठी गप्प बसली."

 सतरंजीवर एका बाळानं वाटी पाडली. आण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आता कशाला काढताय? बाई गेल्या."

"आताच काढणार," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायको रडली. सगळ्यांसमोर स्वतःची अब्रू घालवलीत, पोरं लग्नाला आलीत, लोक काय म्हणतील. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. काकांनी समजावलं की मनात प्रायश्चित्त घ्यावं, तोंडानं कशाला. पण तुझ्या बोर्डावर जो हात फिरला तो लोकांच्या तोंडानं फिरला होता. मनात घेतलेलं प्रायश्चित्त त्या बोर्डापर्यंत कसं पोचणार? परवा दुपारी तुझ्या खोलीशी गेलो होतो. उन्हात तिरकं बघितलं की 'दुरुस्त करून' च्या खाली जुनं 'बनवून' अजून दिसतं. घरमालकानं बोर्ड उतरवायला माणूस पाठवला होता. मी त्याला परत पाठवलं.

मग मला वाटलं, नुसतं बोलून काय होतं. आण्णा बाहेर म्हणतील, बहिणीच्या दुःखात माणूस काहीही बोलतो. म्हणून परवाच्या सोमवारी मी शेडमध्ये एकटा थांबलो. एका मापाचे, एकाच बारमधून कापलेले दोन दांडे घेतले. पहिला सहाही डायोडवर केला. दुसऱ्याच्या वेळी तिसरा फ्यूज हातानं काढून ठेवला. तिसरा दिवा लागला. काटा खाली आला, मी चाक फिरवून वर आणला, आणि तीन तास त्या लाल दिव्यासमोर स्टूल टाकून बसलो. सतरा वर्षांपूर्वी जे बघायचं होतं ते बघत. मशीन एकसारखं गुणगुणत होतं. काहीही बिघडलं नाही असाच त्याचा आवाज होता, तू म्हणायचीस तसा.

पहिला दांडा आरशासारखा निघाला. दुसऱ्यावर साय धरल्यासारखा पट्टा होता.

दोन्ही घेऊन आण्णांच्या कारखान्यात गेलो. टेबलावर ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, दुधाळ दांड्यावर अंगठा फिरवला, मग टेबलावरची पट्टी घेऊन कडेला खरवडलं. पापुद्रा निघाला. त्यांनी तो बोटावर घेतला.

"हे तिच्याच मशीनवर?"

"दोन्ही तिच्याच मशीनवर. एवढ्या वर्षांत तो एक डायोड सोडला तर काही बदललं नाही."

ते खुर्चीत मागं टेकले. "बाईंनी मला का न्हाय सांगितलं? मी काय खाल्लं असतं व्हय त्यांना?"

 त्यांनी चमकदार दांडा उचलला, आपल्या टेबलावर कागदांजवळ उभा करून ठेवला. दुसरा माझ्याकडं सरकवला.

"हा तुमचा," म्हणाले.

तोच प्रश्न मी आता तुला विचारतो, आक्का, आणि तू वर जाऊन बसलीस म्हणून सोडणार नाही. का नाही सांगितलंस? मी तुझा धाकटा भाऊ होतो, पण लहान नव्हतो. छत्तीस वर्षांचा होतो, दोन लेकरांचा बाप. मला एक थोबाडीत मारली असतीस आणि आण्णांसमोर उभं केलं असतंस तर मी महिनाभर तोंड लपवलं असतं आणि मग सरळ झालो असतो. तू मला वाचवलंस आणि मला विचारलंही नाहीस की मला असं वाचायचं आहे का. लोक मला सांगतात, केवढं मन बहिणीचं, तिचे उपकार मान. तू बांधून दिलेल्या मशीनबद्दल मानतो. टाकीच्या काठावर बसून शिकवलंस त्याबद्दल, आईच्या आजारपणात तू एकटीनं जागलीस त्याबद्दल, प्लेटिंगच्या आधीची माझी पहिली शेड जळाली तेव्हा काही न बोलता वायरिंग करून दिलीस त्याबद्दल. पण त्या गप्प बसण्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. ते तू चुकलीस. एवढं एक भांडण मी जिंकणार आहे, आणि तू समोर नाहीस म्हणून जिंकतोय, हेही मला कळतं.

परवा खंडेनवमी आहे. घरात यंदा सण नाही, पण मशीनला सुट्टी आहे. आदल्या दिवशी पुसून ठेवीन, सकाळी हळद-कुंकू लावीन आणि मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात घालून दिवसभर शेडच्या बाहेर बसेन. आण्णांनी दिलेल्या दांड्याला मी वरच्या टोकाला भोक पाडलं, तार ओवली आणि मशीनच्या वरच्या खिळ्याला तो टांगला. दुधाळ पट्टा समोर येईल असा. कामगारांनी विचारलं हे काय, तर सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी हाराचं विचारलं. दाराला बांधा म्हटलं.

त्या खिळ्यावर आता जागा नाही.